रविवारचं मीठ

जर्मनीतल्या माझ्या पहिल्याच रविवारी डाळ शिजली आणि घरात मीठच नसल्याचं लक्षात आलं. खाली जाऊन पाहिलं, तर सगळी दुकानं बंद. वैतागून खालापूरला आईला फोन लावला.

"शेजारणीकडनं माग की गं."

"आई, इथं असं कुणी मागत नाय!"

"तू इचारलंस का?"

चिडूनच खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं. दार उघडलेल्या म्हातारीनं मला हाताला धरून थेट तिच्या बाल्कनीत नेलं. वर माझ्या बाल्कनीत वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांचं पाणी तिच्या वाळलेल्या चादरींवर ठिबकत होतं. तिनं तिच्या भाषेत मला मनसोक्त झापलं. मी खुणेनं मीठ मागितलं. झापत झापतच तिनं वाटीभर दिलं.

वर येऊन आधी बाल्कनीतले कपडे काढले, मग डाळीत मीठ घातलं. आईला सांगितलं, तर म्हणते, "वाटी रिकामी नको देऊस हां!"

कपाळावर हात मारला आणि वाटीत डाळ ओतली.