सहीशिवाय पोचलेली पत्रं

तेहतीस वर्षं मी पोस्टमन होतो. संगमेश्वरच्या आसपासच्या सात वाड्यांचं टपाल माझ्या खांद्यावर असायचं. रजिस्टर पत्र पोचलं असं लिहायचं, तर पोचपावतीवर घेणाऱ्याची सही हवी. सही येत नसेल तर अंगठा आणि एक साक्षीदार. एवढा नियम मी झोपेतही सांगितला असता. त्यामुळे म्हातारपणी आयकराच्या कागदावर ‘तुम्हाला तीन नोटिसा पोचल्या आहेत’ असं वाचलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. पोचपावती कुठाय? तसलं काही त्यांच्याकडे नसतं. पत्र इकडून सुटलं की तिकडे पोचलंच, असं ते धरून चालतात. असं टपाल वाटायचं असतं, तर मी सकाळीच थैला पुलावरून शास्त्री नदीच्या पाण्यात सोडला असता आणि दुपारी घरी येऊन ताणून दिली असती.

झालं होतं ते असं. आमची बौद्धवाडी, आणि घरटी एक-दोन माणसं मुंबईला. पूर्वी त्यांच्या मनीऑर्डरी माझ्या हातून यायच्या, आणि पोस्टमन वाडीतलाच म्हटल्यावर विहाराची वर्गणीही माझ्याकडेच जमायची. पुढे मनीऑर्डरी संपल्या, मोबाइलवरून पैसे यायला लागले, पण वाडीची सवय मोडली नाही. विहाराचा स्लॅब घालायचं ठरलं तेव्हा कुणी ट्रस्ट केला नाही की वेगळं खातं उघडलं नाही. मुंबईकरांनी पैसे टाकले ते सरळ माझ्या पेन्शनच्या खात्यात. गावातल्यांनी रोख आणून दिले, तेही मी तिथेच भरले. एका वहीत प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि पुढे सही. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्या तर मुळीच नाही. जन्मभर लोकांचे पैसे हाताळले आणि एक पै इकडची तिकडे झाली नाही, याचा मला माज होता.

मग एक दिवस सळ्यांचे पैसे काढायला बँकेत गेलो, तर खातं गोठवलेलं. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याने एवढे पैसे आणले कुठून, असं आयकर खात्याने विचारलं होतं म्हणे. मी उत्तर दिलं नाही, म्हणून ते माझं दडवलेलं उत्पन्न ठरलं. विचारलं कुठे? ईमेलवर. माझा ईमेल संगमेश्वरच्या एका कॉम्प्युटरवाल्याने पॅनकार्ड काढताना तयार केला होता. त्याने दुकान बंद करून वर्ष झालं होतं. तो ईमेल असतो कसा हे मी आजतागायत पाहिलेलं नाही.

रत्नागिरीच्या करसल्लागारांनी अपील भरलं. त्या अर्जात एक प्रश्न असतो, नोटीस ईमेलवर पाठवली तर चालेल का? मी म्हटलं, ‘नाही’ लिहा. घरचा पत्ता द्या, पिनकोडसकट. त्यांनी तसं केलं. मी रोज दुपारी पडवीत बसून पोस्टमनची वाट बघायचो. जन्मभर लोकांनी माझी वाट बघितली, आता माझी पाळी. पत्र आलं नाही. आला तो थेट निकाल, तोही सल्लागारांच्या कॉम्प्युटरवर. चार वेळा ईमेलने बोलावूनही करदाता आला नाही, त्याला अपिलात रस दिसत नाही, सबब अपील फेटाळलं.

रस नाही! वही फडक्यात बांधून उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला रस नाही!

मी म्हटलं, चला, त्या साहेबालाच भेटतो. सल्लागार म्हणाले, “भेटता येत नाही हो. तो कुठल्या शहरात बसलाय हेही कळत नाही. लाचलुचपत नको म्हणून तशी सोय केलीय.” सोय उत्तमच. ज्याला चेहरा नाही तो लाच खात नाही, आणि ज्याला कान नाहीत तो ऐकतही नाही. आमच्या विहारातल्या बैठकीत कोंबडी चोरल्याची तक्रार आली, तरी ज्याच्यावर आळ आहे त्याला आधी उभं करतात. “बोल, काय झाला ता सांग,” म्हणतात. या शिकल्यासवरल्या लोकांना तेवढंही जमू नये!

त्याच्या वरचं अपील पुण्याला. तिथे मात्र चक्क दोन माणसं समोर बसली होती, चेहरे असलेली. त्यांनी अर्जातलं ‘नाही’ वाचलं, सरकारी वकिलाकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत प्रकरण परत पाठवलं. याचं ऐकून घ्या, मगच ठरवा. मी बाहेर येऊन चहा घेतला आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

आता ऐकून घेणार म्हटल्यावर वर्गणीदारांचे कागद हवे होते. पैसे मीच दिले, असं एकेकाने लिहून द्यायचं. सगळी घरं झाली. राहिलं वरच्या टोकाचं एक, माझ्यापेक्षा चार पावसाळे थोर असलेल्या विधवेचं. ती चढण मला नोकरीतही नकोशी वाटायची. इतकी नकोशी, की एका भर पावसात तिच्या नावाचं कोर्टाचं रजिस्टर पत्र मी वर नेलंच नाही. खाली सुक्यात बसून पाकिटावर लिहिलं, ‘घेण्यास नकार’. वाटणीचा दावा तिच्या दिराने लावला होता. बाई आलीच नाही म्हणून कोर्टाने एकतर्फी निकाल दिला आणि तिची काजूची कलमं गेली. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

तर अशा माणसाने वर्षभर पोचपावतीच्या नावाने आभाळ डोक्यावर घेतलं होतं.

ती चढण चढून गेलो, तर तिने पाणी आणून दिलं. मी कागद पुढे न करता आधी ते बोललो. पाऊस, पाकीट, सगळं. लाज वाटत होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

“माला ठाव हाय,” ती म्हणाली. “निकाल लागल्यावर कोर्टात गेले तवा पाकीट दाखवल्यानी. अक्षर तुमचाच व्हता.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, आक्का?”

“माजा आयकायला कोन बसला व्हता?”

तिने हात लुगड्याला पुसले आणि कागद ओढून घेतला. “तुमचा तरी आयकूदेत,” म्हणाली, आणि सही कुठे करायची ते विचारलं.