न मोजलेली फट

कारखान्यात त्यांना सगळे 'सूतभर' म्हणत. "सूतभर इकडचं तिकडे चालणार नाही," हे त्यांचं पालुपद. अवकाशयानाची आयन इंजिनं जोडणारे ते सगळ्यांत जुने फिटर. या इंजिनात जाळ नसतो. वायूच्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि बारीक छिद्रांच्या दोन जाळ्यांमधून ते भन्नाट वेगानं बाहेर फेकायचे. रेटा जेमतेम कागदाच्या वजनाएवढा, पण महिनोन् महिने अखंड. सगळी मदार त्या दोन जाळ्यांमधल्या फटीवर, आणि ती मिलिमीटरहूनही कमी.

एका दुपारी एक जाळी त्यांच्या हातातून निसटून टेबलाच्या कडेवर आपटली. त्यांनी उजेडात धरून पाहिली. सरळ वाटली. बसवल्यावर फट मोजायला अर्धा दिवस गेला असता आणि चाचणी तोंडावर आलेली. त्यांनी तपासणीच्या कागदावर 'मोजली' असं लिहून सही ठोकली.

हवा काढलेल्या टाकीत इंजिन सातशे तास चाललं. मग ठिणग्या उडाल्या आणि ते बंद पडलं. उघडून पाहतात तर जाळी एका बाजूनं कुरतडल्यासारखी झिजलेली.

"जोडणीत खोट असणं शक्यच नाही. सही कुणाची आहे बघा ना!" साहेब म्हणाले. बोट वळलं ते जाळीचा आराखडा करणाऱ्या नव्या इंजिनिअर मुलीकडे. सूतभर तिथंच उभे होते. हातातला पाना पुसत राहिले.

तीन आठवडे ती तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसली. तिच्या टेबलाजवळून जावं लागू नये म्हणून हे मागच्या दारानं ये-जा करू लागले. घरी बायकोनं विचारलं, "तोंड का उतरलंय?" तर तिच्यावरच खेकसले.

शेवटी ती मुलगीच त्यांच्याकडे आली. "काका, माझं कुठं चुकतंय ते तुम्हीच सांगा."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "तुझं नाही गं चुकलं. जाळी माझ्या हातून पडली होती. फट मी मोजलीच नाही."

तिनं हातातले आकड्यांचे कागद मिटले. मग हळूच म्हणाली, "मी स्वतःला मठ्ठ समजत होते, काका."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर कबुली दिली. जोडणीचं काम गेलं, टाकी पुसायचं आलं. तिच्याच आराखड्यावरचं पुढचं इंजिन चाचणीची पूर्ण मुदत चाललं. फोटोसाठी ती त्यांना बोलवायला आली.

"हात ओले आहेत," ते म्हणाले.

तिनं आग्रह केला नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीही लाज वाटली.