परत एकदा बघून घेतो

कुठलीही गाडी निघायच्या आधी ते जमिनीला गाल लावायचे. मग ती सायकल असो, टेम्पो असो, नाहीतर लग्नासाठी फुलं लावलेली मोटार. आधी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायची, मग एक हात टेकायचा, मग दुसरा, आणि शेवटी उजवा गाल मातीला. खालून सगळं निरखून झालं की उठायचे आणि गालाची माती न पुसताच म्हणायचे, "ठीक हाय. तरी परत एकदा बघून घेतो."

तुमच्याही गल्लीत असा एखादा काळजीखोर माणूस असेल. आमच्या देवळाली प्रवरातल्या या माणसाला सगळे फिटरमामा म्हणायचे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मीसुद्धा मामाच म्हणे. नाव सांगत नाही. आपलं नाव छापून येणार असं कळलं असतं, तर ते नीट लिहिलंय का हे बघायला बिचारे छापखान्यात जाऊन बसले असते.

साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या ट्रॉल्या तपासण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. चाकं, पिना, नट. माणूस निवृत्त झाला, नजर झाली नाही. एसटीत चढण्याआधी तिच्या चारी बाजूंनी फेरी मारायचे आणि तोवर कंडक्टर दारात उभा राहून घंटीची दोरी कुरवाळत असायचा.

एका हंगामात त्यांच्या हाताखालून गेलेली एक ट्रॉली कालव्याच्या वळणावर उलटली होती. ड्रायव्हरचा पाय गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही एखाद्या चाकाशी बोलल्यासारखं, माझ्याकडे न बघता. "कुनी मला एका शब्दानं बोललं न्हाई बाई," म्हणाले. "तेच वाईट झालं."

आता माझ्याकडे वळते, कारण या हकिकतीत गाढवपणाचं काम मी केलेलं आहे. तेव्हा मी सहासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे आपलं चुकूच शकत नाही अशी पक्की समजूत. मुलानं नातवाला रिमोटवर चालणारा ट्रक घेऊन दिला होता. हातभर लांब, जाड खाचांचे टायर, ढेकळांतून उड्या मारत पळणारा. नातवाला दोन महिन्यांत कंटाळा आला आणि ट्रक माझ्या कपाटावर येऊन बसला. एका दुपारी धूळ झटकायला म्हणून खाली काढला, बॅटरी चार्ज केली, अंगणात सोडला. शेजारच्या कोंबड्या तारेवरून उडाल्या आणि माझं वय निम्म्यावर आलं.

त्याच्या चार चाकांना चार शॉकअप होते. बोटाएवढी नळी, बाहेर स्प्रिंग, आत तेल. एकातलं तेल गळालं. मी म्हटलं, यंत्र ते यंत्र, आणि चारही नळ्यांत शिवणयंत्राचं तेल भरलं. ट्रक करडासारखा नाचायला लागला. चौथ्या दिवशी आतली रबरं फुगली आणि नाचही बंद पडला. तेव्हा तो पदराखाली झाकून मामांकडे नेला.

मामांनी वर्तमानपत्र पसरलं, एक शॉकअप उघडला, वास घेतला. मग म्हणाले, "बाई, ह्यात शिवणयंत्राचं तेल हाय." मी मान डोलावली. "उसवलेला रस्ता शिवत जाईल असं वाटलं व्हय?"

त्या दिवसापासून ट्रक माझा राहिला नाही, आमचा झाला. मी स्पर्धेत नाव घातलं. सोनईच्या अलीकडे एका मोकळ्या रानात हौशी पोरांनी मातीचे उंचवटे करून, टँकरनं पाणी मारून रस्ता बनवला होता. नियम सोपा. दहा फेऱ्या, आणि गाडी उलटली की बाद. मला जिंकायचं होतं. मामांना फक्त गाडी उलटायला नको होती. आमच्या दोघांत हा फरक होता आणि तो मला फार उशिरा कळला.

दोन महिने ते ट्रकशी बोलत होते. बॅटरी काढून मधोमध, अगदी तळाशी बसवली. पुढून आणि मागून बरोबर मध्यावर स्क्रू ड्रायव्हरची टोकं लावून गाडी उचलायची आणि कुठल्या अंगाला कलते ते बघायचं. डावीकडे कलली तर उजव्या अंगाला शिशाचा तुकडा. चाकं सरळ आहेत का हे बघायला दोन्ही बाजूंनी शिवायचा दोरा ताणायचे. उडी मारली की वरच्या प्लॅस्टिकच्या टपात वारा भरतो आणि गाडी पाठीवर पडते, म्हणून टपाला मागून भोकं पाडली. मी म्हटलं चाळणी केलीत. म्हणाले, "वारा गेला पायजे, गहू न्हाई."

गाडीची उंची मोजायला त्यांच्याकडे दोन काडेपेट्या होत्या. एकावर एक आडव्या ठेवायच्या आणि गाडीच्या पोटाखालून सरकवायच्या. जेमतेम घासून गेल्या तर उंची बरोबर. त्याहून उंच झाली तर वळणावर कलंडणार. ही उंची शॉकअपवरची गोल चकती फिरवून ठरते. ती ठरली की मामा चकतीवर आणि खालच्या नळीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. चकती केसभर फिरली तरी रेघ तुटते. ट्रॉलीच्या नटांवरही ते अशीच रेघ ओढायचे म्हणे. चारी चाकांच्या चार रेघा त्यांनी ओढल्या, फुंकर मारून वाळवल्या, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यात का ते बघायला परत आले.

स्पर्धा रविवारी होती. मामा सकाळची उपासना चुकवणार नव्हते. चर्चमधून थेट रानात येतो म्हणाले. मी ट्रक घेऊन आधी पोचले. बाकीच्यांच्या गाड्या अशा ताठ उभ्या, घोड्यासारख्या, आणि आमची रवंथ करायला बसलेल्या म्हशीसारखी. एका पोरानं विचारलंच, "आजी, तुमची बसलीय का?"

झालं. सहासष्ट वर्षांच्या त्या पोरीच्या नाकाला मिरची झोंबली. तिनं आडोशाला जाऊन मागच्या दोन्ही चकत्या चार चार वेढे फिरवल्या. गाडी मागून उचलली गेली. झकास दिसायला लागली. मग तिनं ती एका पोत्यावर अशी टेकवून ठेवली, की उंची कुणाला कळू नये.

मामा आले. धुतलेला पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत बायबल. आल्या आल्या टोपी काढली. "एकदा बघून घेतो."

मी म्हटलं, "काल तुम्ही ठेवलंय तसंच आहे मामा. माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांचा एक गुडघा टेकला होता. ते तसेच थोडा वेळ थांबले. मग उठले, टोपी घातली. "असं म्हनता, तर राहू द्या," म्हणाले.

आठ फेऱ्या गाडी पळाली. आम्ही तिसरे होतो आणि माझी छाती तर पहिल्या नंबराची फुगली होती. मामा माझ्या शेजारी उभे होते, पिशवी छातीशी धरून, प्रत्येक वळणाला श्वास रोखत. नवव्या फेरीत उंचवट्यानंतरच्या वळणावर गाडीची डावी चाकं उचलली. क्षणभर ती दोनच चाकांवर उभी राहिली. मग पाठीवर पडली आणि चारी चाकं हवेत गरगरत राहिली.

मामा धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी गाडी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग येऊन ती माझ्या हातात दिली. "चुकलं माझं, बाई."

आता ऐका मी काय म्हणाले ते. मी म्हणाले, "असू दे मामा, होतं असं कधी कधी." म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यानंतर ते आमच्याकडे यायचे थांबले. मामी नळावर भेटायच्या, त्यांच्याकडून कळायचं. एका जेवणात तीनदा गॅस बंद आहे का बघायला उठतात. राहुरीला निघाले आणि पहिल्याच थांब्यावर उतरून कुलूप बघायला चालत परत आले. शेजारणीनं सायकलचा ब्रेक दाखवला तर हात मागे घेतले आणि म्हणाले, माझ्या हाताच्या भरवशावर राहू नका. मामी मला विचारायच्या, बाई, रानात काय झालं हो? मी हंडा लवकर भरून निघायची.

आणि घरी येऊन काय करायची? ट्रक पुढ्यात घेऊन बसायची. मागच्या दोन्ही रेघा तुटलेल्या. चकतीवरचा तुकडा इकडे, नळीवरचा तिकडे. मामांनी रानात गाडी उचलली तेव्हा त्यांना हे दिसलं असेल का, हा एकच विचार डोक्यात. दिसलं असेल तर ते बोलले का नाहीत? दिसलं नसेल तर मी का बोलत नाही? एका दुपारी नेलपॉलिश काढायच्या औषधानं मी जुन्या रेघा पुसल्या, चकत्या परत खाली आणल्या आणि कपाटातल्या व्हाइटनरनं नव्या रेघा ओढल्या. पोरांच्या कॉप्या पकडण्यात हयात गेलेल्या बाईनं.

तिसऱ्या आठवड्यात माझंच जेवण जाईना. ट्रक पिशवीत घातला आणि त्यांच्या दारात गेले. मामा ओट्यावर बसले होते, मामी आत भाकरी थापत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चकत्या मी फिरवल्या. तुम्ही बघायला वाकलात तेव्हा खोटं बोलले.

"ठाऊक हाय," मामा म्हणाले. "रानातच दिसलं. रेघ तुटली हुती."

"मग चुकलं माझं असं का म्हणालात?"

"चुकलंच की." ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "तुमी काय केलं ते तुमचं. मी गुडगा टेकला हुता अन् उठलो. त्या ट्रॉलीच्या ड्रायव्हरनं बी हेच म्हनलं हुतं. कालच बघितलीय मामा, माझ्यावर विश्वास न्हाई का. तवा बी उठलो. दोन्ही डाव मीच उठलो, बाई."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मी पिशवीतून ट्रक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "मामा, यापुढे मी काहीही म्हटलं तरी बघायचं. मी रागावले तरी, शपथ घेतली तरी. मी तुम्हाला उठवायला लागले तर तिथंच बसायचं."

त्यांनी ट्रक उचलला, मागची रेघ बघितली, नखानं खरवडली. "हे व्हाइटनर हाय," म्हणाले. "अन् रेघ पयलीतल्या पोराची हाय." मग खिशात हात घालून त्यांनी दोन काडेपेट्या काढल्या. म्हणजे तीन आठवडे त्या खिशातच होत्या.

पुढच्या स्पर्धेला त्यांनी चार वेळा जमिनीला गाल लावला. सगळे खोळंबले. मी वचन विसरून दोनदा म्हणाले, पुरे आता मामा. जमिनीवरूनच त्यांनी उत्तर दिलं, "तुमी काईबी म्हना." शर्यत सुरू झाल्यावर मात्र त्यांच्याकडून बघवेना. ते शेजारच्या उसाकडे तोंड करून उभे राहिले आणि प्रत्येक फेरीला एकच विचारायचे, "उभी हाय का?" मी सांगायची, उभी आहे. सात गाड्यांत आम्ही पाचवे आलो. त्या दिवशी ते घरी येऊन दोन भाकरी जेवले, असं मामींनी नळावर सांगितलं. गॅस बघायला एकदाच उठले.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. चार दिवसांचा ताप, बस. त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर होती. पाळकांची प्रार्थना झाली. पेटी आत ठेवली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

मी म्हटलं, थांबा.

आता मी चौऱ्याहत्तरची आहे, माझा एक खुबा नावापुरता आहे. तरी एक हात टेकला, मग दुसरा, आणि मग उजवा गाल डांबराला लावला. लोकांना वाटलं म्हातारी चक्कर येऊन पडली. कुणीतरी पाणी आणायला पळालं. खालून मला चार चाकं दिसली, काही नट, चिखल लागलेला एक दांडा. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नाही. पण सगळं नीट, एकेक करून बघितलं.

उठले तर मामी समोर उभ्या. पदरानं तोंड झाकलेलं, डोळे तेवढे उघडे.

"ठीक हाय का, बाई?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

त्या गाडीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तरी परत एकदा बघून घ्या."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. मी परत हात टेकला.