काठीवरची खूण
जवसाच्या तेलाचा वास आला की मला पूर्णा स्टेशनमागचं मैदान आठवतं आणि डोकं तापतं. सत्तरच्या दशकात आम्ही मुली तिथं हॉकी खेळायचो, थोरल्या पोरांनी वापरून टाकलेल्या काठ्यांना तेच तेल चोळून. माझा फटका कधी धड बसायचा नाही. चेंडू भलतीकडे जायचा, मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "तुझा हातच वाकडा फिरायलाय. पोरींचं काम न्हाई हे." एकदा मी चेंडूला ओला खडू फासून फटके मारले. काठीच्या वाकड्या टोकावर खूण दरवेळी दांड्याकडे सरकलेली. मग मूठ चार बोटं खाली धरली, तर खूण बरोबर मधोमध. काठी सरांपुढे धरून मी म्हणाले, "सर, हात तोच हाय. काठी लय लांब हाय मला." त्यांनी खुणा तळव्यानं पुसल्या. "आता दाव, कुठं हाय खूण?" मी घरी येऊन करवतीनं काठीचं वरचं टोक चार बोटं कापून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिलाच चेंडू सरळ गोलात गेला. तोकडी काठी सरांना दिसलीही नाही. ते बाकीच्या मुलींना म्हणाले, "बघा, मी सांगितलं तसा हात फिरवला हिनं." आज सत्तरीला आले, तरी ते वाक्य आठवलं की दात आवळले जातात.