पदरात अडकलेला चेंडू

फाल्गुनात माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच झालं आणि बाळ रडलं नाही. मुलगी होती, एवढं सुईणीनं सांगितलं. मला ती कुणी दाखवली नाही. ह्यांनी आणि चुलत दिरांनी तिला पवनेच्या काठी नेलं आणि दोघं ओल्या पायांनी परत आले. त्यावर घरात नंतर कुणी एक शब्द काढला नाही. सासूबाईंनी मला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, केसांना तेल लावलं, पण बोलल्या त्या फक्त चुलीबद्दल आणि पाण्याबद्दल.

पुढचे महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. दुखत काही नव्हतं, फक्त थकवा होता. हंडा उचलला की तो परत खाली ठेवावासा वाटे. भाकरी थापता थापता हात थांबे आणि थांबलाय हेही कळत नसे. हे पिंपरीच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते. शिफ्ट संपवून आले की माझ्याकडे बघत आणि काही न बोलता जेवून घेत. त्यांनाही थकवाच होता. शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला घरात बसवू नका, उघड्यावर चालू द्या.

आमच्या क्वार्टर्सच्या मागं, रेल्वेचा रूळ आणि नदी यांच्या मधे मोठा माळ होता. आज तिथं शेडच शेड आहेत. त्या काळी कंपनीच्या गोऱ्या साहेबानं तिथं गोल्फसाठी सहा होल आखून घेतले होते. हिरवळ राखायला पाणी कुठलं? म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूत तेल कालवून एक गोल थापलेला असे. साहेबाच्या मॅडम तिथं रोज सकाळी एकट्याच खेळत. त्यांना जोडीला कुणीतरी बाई हवी होती. ह्यांनी साहेबाजवळ माझ्या प्रकृतीची गोष्ट काढली असावी, कारण एका सकाळी मॅडम स्वतः आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या की उद्यापासून मी त्यांच्याबरोबर चालायचं.

मला वाटलं सासूबाई अडवतील. त्या मोशीच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. सुनेनं माळावर काठी घेऊन चेंडू मारत फिरायचं हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा. घरात बसून काय हुनार हाय?"

मी गेले. मॅडम पन्नाशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या होत्या. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही. त्यांनी आपल्या जुन्या काठ्यांपैकी पाच मला दिल्या आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की पिशवीत चौदापर्यंत काठ्या चालतात, पंधरावी सापडली तर खेळाडू बाद. माझ्याकडे पाचच, तर मला हे कशाला सांगता, असं मी मनात म्हटलं. पण त्यांचं तसंच असे. मॅट्रिकपर्यंतचं माझं इंग्रजी होतं, त्याच्या आधारानं मी एकेक नियम समजून घेत गेले. चेंडू जिथं पडेल तिथूनच खेळायचा. पण साचलेल्या पाण्यात गेला, किंवा घुशीनं उकरलेल्या बिळात गेला, तर ती आपली चूक नव्हे. तो उचलायचा आणि जवळच कोरड्या जागी टाकायचा, होलच्या आणखी जवळ मात्र नाही. दंड नाही.

टाकायचा तोही कसाही नाही. त्या वेळच्या नियमानं होलकडे तोंड करून ताठ उभं राहायचं आणि चेंडू खांद्यावरून मागं सोडायचा. स्वतःच्या हातानं. वाकून ठेवला किंवा दुसऱ्या कुणी टाकला तर एक फटका दंड, म्हणजे मोजणीत एक फटका जास्त धरायचा; कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घालील तिचा तो होल.

मला हा खेळ आवडला असं म्हणणार नाही. पण चालणं होत होतं. मॅडम माझ्याशी दुसरं काही बोलत नसत, विचारत नसत, ते बरं वाटे. शेजारणी विचारत. "आता पुन्हा कधी?" असंही एकीनं विचारलं होतं. माळावर फक्त घुशीची बिळं, वारुळं आणि मधूनच रुळावरून जाणारी मालगाडी. पावसाळ्यात खेळ बंद झाला तेव्हा मला चुकल्यासारखं झालं आणि त्याचं मलाच नवल वाटलं.

दसरा झाल्यावर मॅडमनी बायकांचा एक सामना ठेवला. खडकीहून लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या बायका येणार होत्या. माझं नाव मला न विचारताच घातलं होतं. मी ह्यांना म्हटलं की माझ्यानं नाही व्हायचं. हे म्हणाले, "साहेबाच्या बायकोला नाही कसं म्हणायचं? एक सकाळ काढ."

त्या सकाळी मी चारला उठून स्वयंपाक उरकला. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता आणि म्हशी लोळून गेलेल्या खळग्यांत लालसर पाणी साचलेलं होतं. क्वार्टर्समधल्या बायका बांधावर बसल्या होत्या. त्यांच्यात सासूबाईही दिसल्या. त्या आजवर कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या. डोईवरचा पदर दातांत धरून त्या बघत होत्या.

सुरुवातीला मॅडमनी सगळ्यांच्या काठ्या मोजल्या. माझ्याशी खेळणारी बाई मराठीच होती, नागपूरकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्या पिशवीत नवऱ्याची एक जास्तीची काठी निघाली. ती बाजूला ठेवायला लावली. मग मॅडम माझ्याकडे आल्या आणि माझ्या पाच काठ्याही त्यांनी तितक्याच गंभीरपणे एकेक करून मोजल्या. बांधावरच्या बायका हसल्या. मॅडमना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही आणि मलाही तेव्हापासून पाच काठ्यांची लाज वाटेनाशी झाली.

पहिले दोन होल मी हरले, तिसरा कसाबसा जिंकला. चौथ्याला माझा चेंडू उडाला आणि थेट म्हशींच्या खळग्यात पडला. मी बाही वर करून पाण्यात हात घातला, चेंडू काढला, पुसला. मॅडमनी कोरडी जागा दाखवली. मी होलकडे तोंड करून ताठ उभी राहिले आणि उजव्या खांद्यावरून चेंडू मागं सोडला.

मागं काहीच वाजलं नाही.

जमीन कडक होती. ठप्प असं काहीतरी ऐकू यायला हवं होतं. मी वाट बघितली. नागपूरची बाई इकडेतिकडे शोधायला लागली. मग मॅडम जवळ आल्या आणि माझ्या पाठीमागून त्यांनी चेंडू काढला. पदर मी पाठीवरून घेऊन कमरेला खोचला होता, त्याच्या झोळात तो जाऊन बसला होता. बांधावर पुन्हा हशा झाला. मॅडमनी सांगितलं की जमिनीला लागण्याआधी चेंडू खेळाडूला लागला, म्हणजे पुन्हा टाकायचा, दंड नाही. मी पदर घट्ट ओढून घेतला, पुन्हा उभी राहिले, पुन्हा सोडला. आणि पुन्हा काही वाजलं नाही.

तेव्हा माझं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाठ करून उभं राहायचं, मागून आवाज येईल म्हणून कान लावायचे आणि आवाज येत नाही. फाल्गुनातल्या त्या खोलीत मी अशीच कान लावून पडले होते. सुईण आणि सासूबाई माझ्या पायांशी काहीतरी करत होत्या आणि मी वाट बघत होते की आता रडेल, आता रडेल. मी रडायला लागले, तेही उभ्या उभ्या, होलकडे तोंड करून. बाळ गेल्यापासून मी रडले नव्हते.

हशा थांबला. नागपूरची बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "घाई नाही हो." मॅडम पुन्हा पदराच्या झोळातून काढलेला चेंडू हातात धरून तशाच उभ्या होत्या, रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

सासूबाई बांध उतरून आल्या. त्यांच्या पायांत वहाणा नव्हत्या. त्या खळग्याला वळसा न घालता सरळ चिखलातून आल्या, मॅडमच्या हातातून त्यांनी चेंडू काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "कुटं टाकायचा ह्यो? दाव, मी टाकते." मी बोट दाखवलं. त्या खाली वाकल्या आणि निवडलेल्या जागी चेंडू दोन्ही हातांनी ठेवला. तो घरंगळू नये म्हणून क्षणभर धरूनही ठेवला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, पण नियम त्यांना सोडवत नव्हता. त्या म्हणाल्या, "एक फटका दंड. मान्य?"

नागपूरची बाई म्हणाली की तिला तो दंड नको, तिची काही हरकत नाही. मॅडमनी मान हलवली. असं आपापसात ठरवून नियम सोडता येत नाही.

"मान्य," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर तो दंड मला नको नव्हताच. आठ महिने शेजारपाजारचे सगळे म्हणत होते, तुझी काही चूक नाही, देवाची इच्छा, होतं असं. चूक नाही म्हटल्यावर पुढं बोलायलाही काही उरत नसे. इथं निदान काहीतरी घडलं असं कुणीतरी मोजून सांगत होतं, आणि पुढचा फटका मारायला जागा होती. मी डोळे पुसले आणि चेंडू मारला. फार लांब गेला नाही. तो होल मी हरले आणि सामनाही हरले. शेवटी नागपूरच्या बाईनं माझा हात हातात घेतला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

सासूबाई तोवर थांबल्या होत्या. आम्ही दोघी माळावरून घरी निघालो. काठ्यांची पिशवी त्यांनी माझ्याकडून घेतली आणि सरपणाच्या मोळीसारखी डोक्यावर ठेवली. निम्म्या वाटेवर त्या एकदम म्हणाल्या, "म्या बगितली व्हती तिला. नाक तुज्यावानी व्हतं."

मी थांबले. "आणि केस?"

"काळे. लई व्हते." थोडं पुढं जाऊन त्या म्हणाल्या, "तुला दावाया पायजे व्हती. तुज्या नवऱ्यानं नगं म्हटलं, सुईनबी नगं म्हटली. मी गप बसले."

त्यांच्या पायांवरचा चिखल वाळून भेगाळत होता. आम्ही सावकाश चालत राहिलो; दोघींनाही घाई करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी हे आले. सामन्याचं विचारलं. मी म्हटलं, हरले. ते म्हणाले, असू दे, आणि शर्टाची बटणं काढता काढता खुर्चीतच डोळे मिटून बसले. सासूबाईंनी भात टाकला आणि मला आत जाऊन पडायला सांगितलं. आजवर चुलीपाशी असताना त्यांनी मला असं कधी उठवलं नव्हतं. मी जाऊन आडवी झाले. झोप लागली नाही. पण पाठ टेकली, आणि बाहेर भांड्यांचा आवाज येत होता, तो ऐकत पडून राहिले.