वाढत्या मापाच्या स्की

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या आत्याचे. आमच्या तालुक्याच्या गावी बारावीच्या पुढे शिकायची सोय नव्हती. तिने मला सांगलीला स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि मी इंजिनियर होईपर्यंत एकदाही त्याचा उच्चार केला नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. न्यूझीलंडला आल्यावरही घरात काही घडलं की आधी तिला कळवायचं, ही सवय राहिली. तिला फोनवर नीट ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून मी पत्र लिहू लागलो. २०१६च्या हिवाळ्यात तिला एक पत्र लिहिलं. त्यामागची हकीकत त्यात मावण्यासारखी नव्हती, ती ही.

आम्ही तेव्हा हॅमिल्टनला राहत होतो. माझी नोकरी त्याच शहराच्या 'ते रापा' नावाच्या भागात, बायको एका बालवाडीत शिकवायची. तिथल्या मैत्रिणींनी एकदा तिला रुआपेहू डोंगरावर बर्फात नेलं, आणि संध्याकाळी ती घरात शिरली तीच बोलत बोलत, लाल झालेल्या गालांनी. या देशात आल्यापासून ती बरंच काही शिकली होती. गाडी चालवायला शिकली, इथला कोर्स केला, पण ते सगळं गरजेपोटी. केवळ हौसेने शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे स्कीइंग. दोन हिवाळ्यांत ती सोप्या हिरव्या उतारांवरून मधल्या निळ्या उतारांपर्यंत गेली. मीही मागोमाग शिकलो, पण माझं सगळं लक्ष न पडण्याकडे असायचं.

मग तिने ठरवलं, भाड्याच्या पुरे झाल्या, आता स्वतःच्या स्की घ्यायच्या. देशी किराण्यासाठी आम्ही अधूनमधून ऑकलंडला, सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानांत जायचोच. त्याच फेरीत स्कीचं दुकान गाठलं.

दुकानातल्या बाईने छान समजावून सांगितलं. बायकोला यंत्राने सारख्या केलेल्या उतारांवरच जायचं होतं. तिथे कार्व्हिंगच्या स्की बऱ्या. त्यांचा आकार डमरू ताणून लांब केल्यासारखा, दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक. स्की कडेवर कलवली की ती आपल्या वजनाने वाकते आणि त्या आकारामुळे आपोआप वळत जाते. मधल्या पातळीवरच्या माणसाने कमरेला बारीक, अंगाने जरा मऊ आणि उभी केली तर हनुवटी ते नाक यांच्या मध्ये येईल अशी स्की घ्यावी. ताठ स्की वाकवायला वेग लागतो, ताकद लागते. ती वाकली नाही तर सरळच धावत सुटते.

"आत्ता तुम्ही कुठल्या उतारावर जाता?" बाईने विचारलं.

"आत्ता निळ्यावर," बायको म्हणाली, "पण पुढच्या वर्षी अवघड काळ्यावर जाणार." आणि तिने तिच्या डोक्याच्याही वर जाणारी, आत धातूचा पत्रा असलेली जोडी उचलली.

"अगं, त्या मऊ घे म्हणतायत," मी मराठीत म्हणालो.

"आणि पुढच्या वर्षी परत घ्यायच्या? मामाच्या लग्नातला कोट तुला दहावीपर्यंत पुरला म्हणून सांगतोस ना?"

"पुरला. पण तोवर मला त्यात शोधावं लागायचं."

ती हसली, पण जोडी खाली ठेवली नाही. खरं तर मलाही तिचं पटत होतं. आमच्या दोघांच्याही घरी गणवेश खाली दुमडून शिवलेला असायचा आणि नव्या बुटांत पुढे कापूस कोंबलेला. वस्तू घ्यायची ती वाढत्या मापाची, अंग मागून तिच्यापर्यंत पोचतंच. दुकानातल्या बाईने पुन्हा एकदा सुचवून पाहिलं आणि मग "स्वीट अ‍ॅज" (म्हणजे "चालेल की") म्हणत स्कीवरच्या पकडी बुटांना जुळवून दिल्या. कणकेच्या पिशव्यांवरून, दोन सीटच्या मधून त्या स्की घरी आल्या.

जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, डोंगरावर गेलो. सकाळचा बर्फ कडक होता. पहिल्याच वळणाला तिने अंग कलवलं, पण स्की वळल्याच नाहीत. त्या तिला घेऊन थेट कडेच्या जाळीकडे निघाल्या. ती मुद्दाम खाली बसली म्हणून वाचली. पुढे दिवसभर ती स्की आडव्या करून, बर्फ खरवडत उतरत राहिली. नंतरच्या खेपांनाही तेच. आधी म्हणायची, "मांड्या भरून आल्या." मग म्हणायला लागली, "वय झालं आता." मला कसं उभं राहायचं ते शिकवणारी ती, दुपारपासून कॅफेत चहा घेऊन बसायची.

ऑगस्टमध्ये परतताना गाडीत म्हणाली, "विकून टाकू माझ्या. तुला जायचं तर तू जात जा."

"आणि तू?"

"मी? बघितला बर्फ. झालं."

"अगं, तुझं काही चुकत नाहीये. त्या स्की चुकीच्या आहेत."

"राहू दे, समजूत काढू नकोस. सकाळी तसल्याच स्कीवर एक बारकी पोरगी कशी भन्नाट गेली, बघितलंस ना?"

स्कीइंग सुटलं असतं तरी माझं काही अडत नव्हतं. पण हौसेने धरलेली एकच गोष्ट ती स्वतःला नालायक ठरवून सोडत होती, ते मला बघवत नव्हतं.

सप्टेंबरात बालवाडीची सहल तिकडेच निघाली. मैत्रिणींचं मन मोडायचं नाही म्हणून ती तयार झाली, मलाही बरोबर घेतलं, पण स्वतःच्या स्की घरीच ठेवल्या. वर भाड्याच्या खिडकीवर पोराने विचारलं, "लेव्हल कुठली?"

"लेव्हलचं सोड," ती म्हणाली. "मला आज जमतील अशा दे."

त्याने हनुवटीपर्यंत येणारी, मऊ जोडी काढून दिली.

"या तर पोराटोरांच्या!" ती माझ्याकडे वळून म्हणाली.

"एक फेरी मार, मग हसू."

"हसायचं ते तू पडल्यावर."

मी निळ्या उताराच्या पायथ्याशी थांबलो. ती वरून निघाली. पहिलं वळण जपून घेतलं, दुसरं जरा मोकळं. तिसऱ्याला स्की कडेवर गेल्या आणि तिला अलगद फिरवून बाहेर घेऊन आल्या. खरवडल्याचा आवाज नव्हता. मागे बर्फात फक्त दोन बारीक रेघा उमटत होत्या. ती माझ्याजवळ थांबली नाही, "मी परत चालले!" असं ओरडून थेट लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढच्या फेरीला लिफ्टच्या खुर्चीत मी तिच्या शेजारी होतो. ती खालच्या उताराकडे बघत होती. मग म्हणाली, "मला येत होतं रे."

"हो."

"सगळा हिवाळा मला येत होतं."

त्या आठवड्यात मी आत्याला लिहिलं:

"आत्या, इकडची थंडी ओसरत आली. आम्ही मजेत आहोत. तुझी भाचेसून आता बर्फाच्या उतारावरून घसरत येते, आणि फार सुरेख येते. मध्यंतरी तिने ते सोडायचं ठरवलं होतं, ते आता मागे पडलं. तिला बेताच्या लांबीच्या नव्या स्की घेतल्या. आधीच्या एका उंच, दणकट बाईला विकल्या, तिला त्या शोभतात. सोबत फोटो आहे. हेल्मेटमुळे चेहरा दिसणार नाही, पण लाल जाकीट ते तिचं. काळा उतार तिला अजून जमत नाही आणि आता त्याची घाईही नाही. हाडं मोडतील म्हणून काळजी करशील, तर सांगतो, पडतो तो मी. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत. या वेळी जायचं का, असं तिने विचारलं नाही. पहाटे निघायचंय, डबा तू भर, एवढंच सांगितलं."