भिंतीपलीकडची नासपती

फरीदाबादच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, आणि ती एकमेकांना लागून. एक आमचं, दुसरं ताईंचं. ताई पुण्याच्या, माझ्याहून चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान इथल्या एका कारखान्यात होते. ते गेल्यावर त्या एकट्याच राहिल्या. मुलगा-सून गुरुग्रामला, एका उंच सोसायटीत. मी नागपूरची, सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आलेली. नवऱ्याचं काम फरीदाबादेत, म्हणून घर इथे घेतलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान उतरवणारी माणसं अजून घरातच होती, आणि मागच्या भिंतीवरून आवाज आला, "अगं, मराठी आहात ना? चहा टाकलाय, या."

नवीन शहरात असा आवाज ऐकला की माणूस पुढचं काही तपासत बसत नाही. मीही बसले नाही.

गल्लीत बाकीच्यांनी मागची जागा फरशी घालून बंद केली होती. आमच्या दोघींकडे मात्र माती होती. मधली भिंत छातीइतकी उंच. ताईंचे गुडघे दुखायचे, मला पुढच्या दाराने वळसा घालून जायचा कंटाळा यायचा, म्हणून एके दिवशी मिस्त्री बोलावून त्या भिंतीत एक माणूस जाईल एवढी वाट पाडून घेतली. दार लावलं नाही. कशाला लावायचं, असं ताईच म्हणाल्या.

नासपतीची कल्पना माझी. लहानपणी बाबा बाजारातून आणायचे, विळीवर कापून मीठ लावून द्यायचे. खाताना कचकच वाजणारी, दाताखाली बारीक रवाळ लागणारी. ताईंना ती आवडायची नाही. "दगड चावल्यासारखं काय ते! लावायचीच तर तिच्यातलाच मऊ बग्गूगोशा लावू. तोंडात विरघळतो." त्यावर आमचा वाद बरेच दिवस चालला. दिल्लीकडे फळांच्या गाडीवर ही दोन्ही मिळतात, आणि गाडीसमोर उभं राहूनही आम्ही वाद घालायचो. गाडीवाला वैतागून म्हणायचा, "बहनजी, दोनों ले लो।"

शेवटी आम्ही तेच केलं. मी बरंच वाचलं, एकदोन ठिकाणी विचारलं. डोंगराळ भागातल्या ज्या जाती दिसायला देखण्या, त्या इथे नुसत्या पानांनी भरतात. त्यांना लांबलचक थंडीची झोप लागते आणि आपल्याकडची थंडी चार धुक्याच्या आठवड्यांत उरकते. मैदानात फळणाऱ्या जाती थोड्या. त्यात एक पंजाबात लावतात ती कडक, पत्थरनाख, आणि एक मऊ, बग्गूगोशा. शिवाय हेही कळलं की नासपतीचं एकटं झाड फळाच्या बाबतीत हात आखडतं. जवळ दुसऱ्या जातीचं झाड असलं, दोन्ही एकदम फुलली आणि मधमाश्या इकडून तिकडे गेल्या, तर फळ चांगलं धरतं.

"म्हणजे तुझं माझ्यावाचून अडणार," ताई म्हणाल्या.

"आणि तुमचं माझ्यावाचून."

कडक माझ्या बाजूला, मऊ त्यांच्या बाजूला. जानेवारीत रोपं आणली. रोपं कसली, पान नसलेल्या काठ्या. नवरा म्हणाला, "छडी लावताय का?" आम्ही दोघींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

नासपती हे घाईच्या माणसाचं झाड नाही. पेरू, लिंबू दोन-तीन वर्षांत काहीतरी दाखवतात. ही वर्षानुवर्षं फक्त सरळ वर जाते. फांद्या आडव्या केल्याशिवाय फुलावर येत नाही, म्हणून आम्ही सुतळीला विटांचे तुकडे बांधून फांद्या खाली ओढायचो. लांबून पाहिलं की झाडाला विटा लागल्यासारख्या दिसायच्या. कलमाच्या खालून जंगली फुटवे यायचे, ते खुडायचे. इथलं जमिनीतलं पाणी खारं, पानं पिवळी पडायची, म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवायचं. मे महिन्यात लूच्या गरम झळा सुरू व्हायच्या आत खोडांना चुना लावायचा. दोन्ही झाडांचं सगळं मीच करायचे. ताई खुर्ची टाकून बसायच्या, सूचना द्यायच्या, मधूनच आत जाऊन काहीतरी खायला आणायच्या. ऑफिसात दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून माझी जीभ थकलेली असायची. त्या मागच्या जागेत ती विश्रांतीला यायची. माझ्या लेकीला कित्येक मराठी शब्द ताईंनी शिकवले. आई गेली तेव्हा नागपूरहून परत आल्यावर मी आधी माझ्या घरात गेले नाही, त्या वाटेने ताईंकडे गेले.

फुलं आली तेव्हा आम्ही दोघी बघतच राहिलो. पांढरी, झुबक्यांनी, पानं नीट फुटायच्याही आधी. पहिल्या खेपेला मोजकी फळं धरली, तीही पोपटांनी टोचली. पुढच्या वर्षी आम्ही जाळी टाकली. पावसाळ्यात परातभर निघाली, दोन्ही प्रकारची. ताईंनी माझ्या झाडाची एक खाल्ली आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "बरी आहे." एवढी कबुली मला पुरेशी होती.

त्यानंतरच्या जानेवारीत मी त्यांच्या झाडाची छाटणी केली. रविवार होता. मी शिडीवर, ताई खाली शिडी धरून. आतल्या अंगाला वाढलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या होत्या. कुठली ठेवायची, कुठली काढायची हे दरवेळी त्यांना विचारत होते, कारण झाड त्यांचं.

"ही ठेवू का ताई? दोन वर्षांत हिच्यावर भरपूर येईल."

"ठेव की," त्या म्हणाल्या.

मी ठेवली. सगळी सकाळ त्यात गेली. नंतर त्यांनी मला पोहे दिले, वर खोबरं-कोथिंबीर घालून. माझ्या हाताला ओरखडे आले होते, त्यावर त्यांनी हळद लावली.

त्याच आठवड्यात दोन माणसं आमच्या दारात आली. हातात टेप आणि मोबाईल. मधली भिंत मोजायची आहे म्हणाली.

"कशासाठी?"

"मैडम, बगल वाली कोठी टूटेगी ना. चार फ्लोर बनेंगे, नीचे पार्किंग. ये दीवार भी नई बनेगी।"

मी म्हटलं, तुमचा पत्ता चुकलाय. त्याने मोबाईलवर नकाशा दाखवला. घर ताईंचंच होतं. मागच्या जागेवर, जिथे झाड होतं तिथे, गाड्यांचे चौकोन आखले होते.

"ये कब तय हुआ?"

"हो गया जी, दिवाली से पहले का।"

मी त्या वाटेने पलीकडे गेले. ताई गॅसजवळ उभ्या होत्या. मी काय ऐकलं ते सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, पण वळल्या नाहीत.

"सांगणार होते गं तुला."

"कधी?"

"तुझं सगळं मन त्या झाडांत. मला तोंडच उघडवेना."

"आणि परवा मी शिडीवर चढून छाटत होते तेव्हा?"

"तू इतकी मनापासून करत होतीस... म्हटलं, करू दे."

करू दे. हे दोन शब्द मला अजून ऐकू येतात. त्यांची कारणं खोटी नव्हती. घर जुनं झालं होतं, ओल धरत होतं, गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. बिल्डर लिफ्टसकट एक मजला त्यांना देणार होता, आणि मुलगा कधीचा मागे लागला होता. हे सगळं त्यांनी मला दिवाळीआधी सांगितलं असतं, तर मी रडले असते, भांडलेही असते, आणि मग त्यांच्याबरोबर बसून भांडी कुठली ठेवायची ते ठरवलं असतं.

"ताई, मला एकटीलाच सांगितलं नाहीत की कुणालाच नाही?"

उत्तर मला गल्लीत मिळालं. समोरच्या सरदारीण आंटी, कोपऱ्यावरचे रिटायर्ड मास्तर, इस्त्रीवाला, सगळ्यांना ठाऊक होतं. आंटी म्हणाल्या, "हमें तो उन्होंने ही बोला था, बेटा, कि तुमसे ज़िक्र ना करें।" महिनोन् महिने सगळी गल्ली माझ्याशी जपून बोलत होती आणि मला ते कळलं नव्हतं.

आठवडाभर मी पलीकडे गेले नाही. मग राग थोडा बाजूला ठेवून विचार केला. झाड वाचणार नव्हतं, पण थंडीतच त्याच्या काड्या घेऊन माझ्या झाडाच्या एका फांदीवर कलम करता आलं असतं. म्हणजे एकाच खोडावर दोन्ही जाती राहिल्या असत्या. मी ताईंकडे जाऊन तेवढंच मागितलं.

"घे की गं, ते काय विचारायचं," त्या एकदम मोकळ्या झाल्या. "तुझ्या सवडीने घे. काम पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे."

"रविवारी येते."

"ये."

शुक्रवारी ऑफिसातून आले, तर गल्लीच्या तोंडाशी फांद्यांचा ढीग पडला होता. लोक त्यावरून पाय उचलून जात होते. मला आधी कळलंच नाही ते काय आहे. मग एका फांदीला आमच्या सुतळीचा तुकडा दिसला.

ताई त्या दिवशी सकाळीच गुरुग्रामला गेल्या होत्या, सामानासकट. मी फोन केला.

"अगं, ठेकेदार म्हणाला आजच करतो. मुलानेच गाडी पाठवली. गडबडीत राहूनच गेलं बघ तुला सांगायचं."

"तुम्हाला कधी कळलं, आज होणार ते?"

"बुधवारी." आणि लगेच, "झाडच तर होतं गं. एवढं काय?"

मी फोन ठेवला. ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच होती. त्या ढिगाजवळ उकिडवी बसले आणि गेल्या वर्षीच्या वाढीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या शोधून काढू लागले. येणारे-जाणारे बघत होते. एका बाईने विचारलं, "कुछ गिर गया क्या?" नवरा घरातून धावत आला. त्याने घरून कात्री आणून दिली आणि माझ्याशेजारी बसला. काड्या ओल्या कापडात गुंडाळून आम्ही फ्रिजमध्ये ठेवल्या.

रविवारी मी माझ्या झाडाची एक फांदी कापून तिच्या टोकाला चीर दिली, पाचर कलम करतात तशी, आणि काड्या बसवून पट्टी गुंडाळली. बऱ्याचशा काड्या वाळून गेल्या. एक जगली. मार्चमध्ये तिचा डोळा फुगला, तेव्हा मला आनंदापेक्षा जास्त रडू आलं. सांगायला पलीकडे कुणी नव्हतं. भिंतीतली वाट तोवर बुजवून झाली होती.

दोन वर्षं खडखडाट, सिमेंटची धूळ, पानांवर राखाडी थर. मग चार मजले उभे राहिले आणि ताई तिसऱ्या मजल्यावर परतल्या. गृहप्रवेशाला मला बोलावलं. सगळी गल्ली जाणार होती, म्हणून मीही गेले. त्यांनी माझा हात धरला आणि पाहुण्यांतून वाट काढत मागच्या बाल्कनीत नेलं. वरून माझं झाड पूर्ण दिसत होतं. सुनेच्या मैत्रिणींना त्या हौसेने सांगू लागल्या, "ते बघा, आम्ही दोघींनी वाढवलंय हं. ती एक फांदी वेगळी दिसते ना? ती माझ्या झाडाची."

त्यांना कुणीतरी कलमाचं सांगितलं असणार.

"नाही ताई," मी म्हटलं, "तुमचं झाड तोडलं. ही फांदी माझ्या झाडाची आहे."

मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. ताईंचा हात सुटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, आणि एक क्षण वाटलं की त्यांना जवळ घ्यावं. घेतलं नाही. नारळ आणि पेढे घेऊन लिफ्टने खाली आले.

आता आम्ही बोलतो. पाणी आलं का, कामवाली सुट्टीवर आहे का, हवा किती खराब आहे. त्या अजूनही "अगं" म्हणूनच हाक मारतात. मी "हो ताई" म्हणते. नव्या इमारतीमुळे दुपारचं ऊन गेलं, तरी यंदा दोन्ही जातींची फुलं एकाच झाडावर आली आणि फळं बऱ्यापैकी धरली. पावसाळ्यात मी पिशव्या भरल्या, आंटींना दिल्या, मास्तरांना दिल्या, ऑफिसात नेल्या. बग्गूगोशे थोडेच होते. ते आम्ही घरीच खाल्ले. लेक म्हणाली, "आई, वर आजीला नाही द्यायचे?"

मी तिला म्हटलं, तुला द्यायचे असतील तर दे. तिने दोन उचलले आणि गेली. परत आल्यावर मी काहीच विचारलं नाही.